तुम्ही विचारलंत म्हणून: सायन्सच्या पोरांना एथिक्स कशाला?

परवा एका विद्यार्थिनीच्या बाबांनी पुन्हा तेच विचारलं, मॅडम, बीएस्सीच्या पोरांना नीतिमत्ता कसली शिकवता, ती घरातून यायला हवी ना, आणि सिलॅबस संपता संपत नाही त्यात याला वेळ कुठून काढता?

वेगळा तास मी घेतच नाही हो. टायट्रेशनच्या प्रॅक्टिकललाच सगळं सुरू होतं, म्हणजे रंग बदलेपर्यंत एका द्रावणात दुसरं थेंब थेंब सोडायचं आणि किती लागलं ते मोजायचं. तीन रीडिंग घ्यायची असतात आणि जर्नल उघडावं तर अख्ख्या बॅचची तिन्ही सेम, १०.२, १०.२, १०.२. खरं तर पहिल्या वेळी हमखास थेंब जास्त पडतो, गुलाबी रंग गडद होतो, १०.६ येतं, पण ते कोणी लिहीतच नाही. आधी मी चिडायचे. मग लक्षात आलं की उत्तर किती जवळ आलं यावर मार्क आम्हीच देतो, तर पोरं दुसरं काय करणार? आता माझ्या बॅचला नियम आहे, आलेलं प्रत्येक रीडिंग पेनाने लिहायचं, टाकून द्यायचं असेल तर एक रेघ मारून बाजूला कारण लिहायचं, मार्क कापणार नाही.

मग मिलिकन या शास्त्रज्ञाचा, इलेक्ट्रॉनवरचा विद्युतभार मोजणारा तेलाच्या थेंबांचा प्रयोग सांगते. १९१३ च्या पेपरात त्याने ५८ थेंब दिले आणि लिहिलं की हे निवडलेले नाहीत, सलग ६० दिवसांत तपासलेले सगळे थेंब आहेत. पुढे अभ्यासकांनी त्याच्या वह्या पाहिल्या तर थेंब बरेच जास्त निघाले, म्हणजे काही त्याने टाकून दिले होते. वर्गात नुसती भांडणं होतात यावर. कोणी म्हणतं, टाकलेले धरले तरी उत्तर फारसं बदलत नाही, आणि ते खरंही आहे. एकदा कधीच न बोलणारी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, थेंब टाकले ते ठीक, पण 'सगळे' का लिहिलं?"

खोटं बोलू नये एवढं घरातून येतं, पण कुठलं रीडिंग टाकणं रास्त आणि कुठलं लपवणं, हे घरात कोण सांगणार?

आमची बरीच पोरं फार्माच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे औषधांचा दर्जा तपासतात तिथे लागतात. एकाचा रात्री फोन आला, सॅम्पल फेल आलंय, वरचे म्हणतायत पहिलं रीडिंग लिहू नको, पुन्हा टेस्ट कर. नवी नोकरी, घरी कर्जाचे हप्ते. तासभर बोललो आम्ही, काय होऊ शकतं, औषध कोणाच्या पोटात जाणार, नोकरी गेली तर काय, सगळं. त्याने शेवटी ते रीडिंग लिहिलं का, हे मी अजून विचारलेलं नाही.