अराकूच्या कॉफीबागेत ब्लॉकचेनचा तास

डिसेंबरात विशाखापट्टणमहून सकाळची किरंदुल पॅसेंजर पकडली, वाटेत 58 बोगदे आहेत म्हणतात, मी तिसाव्यानंतर मोजायचं सोडून दिलं कारण बाहेर दरीच अशी होती की नजर हटेना. अराकू साधारण 900 मीटर उंचीवर, उतारावर सिल्व्हर ओकच्या सावलीत लाल चेरींनी लगडलेली कॉफी आणि झाडांवर चढलेली मिरी.

आम्ही राहिलो त्या आदिवासी पाड्यात बचत गटातल्या बायका मोठ्या ड्रममध्ये जीवामृत, म्हणजे जमिनीला द्यायचं आंबवलेलं द्रावण, ढवळत होत्या. 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. अहो ही तर नैसर्गिक शेतीचा प्रसार करणाऱ्या आपल्या विदर्भातल्या सुभाष पाळेकरांची कृती! आंध्र सरकारने 2016 पासून ही शेती बचत गटांमार्फत गावोगाव नेली, आणि इतक्या लांब तेलुगू बोलणाऱ्या अक्कांच्या हातात ती बघून मला खरंच भरून आलं. पावसाळ्याआधीच बियांना माती आणि राखेचा लेप देऊन नऊ-दहा पिकं एकत्र पेरतात म्हणे, जमीन उघडी ठेवायचीच नाही.

दुपारी कॉलेजात शिकणाऱ्या गावातल्या एका पोरीने पाच गटांना पाच वह्या वाटल्या. पाचही वह्यांत सगळ्यांनी तेच लिहायचं: प्रत्येक पानावर कुणाच्या बागेतून किती किलो चेरी आली ते, त्यात मागच्या पानाचा आकडा मिळवायचा आणि बेरीज पुढच्या पानाच्या डोक्यावर. मग तिने एका वहीत गुपचूप 40 चे 60 केले, तर पुढची सगळी पानं चुकली आणि बाकीच्या चार वह्यांशी मेळच बसेना. ब्लॉकचेन म्हणजे हेच, ती म्हणाली, फक्त तिथं बेरजेच्या जागी हॅश असतो, म्हणजे नोंदीवरून संगणकाने काढलेला, नोंद जरा बदलली तरी बदलणारा सांकेतिक आकडा. कॉफी बोर्डाने 2019 मध्ये असाच ब्लॉकचेनवरचा कॉफी बाजार प्रायोगिक तत्त्वावर सुरू केला होता.

तेवढ्यात मागून एका म्हाताऱ्या अक्कांनी काहीतरी विचारलं, आमच्या सोबत्याने हिंदीत सांगितलं: "पहिल्याच वेळी खोटं लिहिलं तर?"

पोरगी म्हणाली, मग पाचही वह्या ते खोटंच जपून ठेवतील.

मला हा प्रश्न अख्ख्या तासापेक्षा मोठा वाटला. त्याचं उत्तर त्यांच्याकडे आधीपासून आहे, पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेतं फिरून तपासायची आणि हमी द्यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीही त्यांच्या मागोमाग गेलो. त्याच अक्कांनी शेजारणीच्या बागेत पाचोळा बाजूला केला, बोटांनी माती उकरली, गांडुळं दिसल्यावर वास घेतला, ढेकूळ माझ्या हातात दिलं आणि मगच पोरीला म्हणाल्या, आता लिही.