तुम्ही विचारलंत म्हणून: सहा फूट तीन इंच आणि पाव टनी ट्रक

जीप बाहेर काढली की पेट्रोल पंपावर, सिग्नलला, लग्नाच्या हॉलबाहेर कोणीतरी विचारतंच, "अहो एवढे उंच तुम्ही, यात मावता कसे?" आणि ज्यांच्याकडे स्वतःची जुनी मिलिटरी गाडी आहे ते पुढचं विचारतात, सीटला नक्की काय केलंत. तर एकदाच सगळं लिहून टाकतो. माझी उंची सहा फूट तीन इंच आणि गाडी दुसऱ्या महायुद्धातली फोर्ड जीपीडब्ल्यू, म्हणजे फोर्डने बनवलेली मिलिटरी जीप. अमेरिकन आर्मीच्या कागदात हिला पाव टनी ट्रक, फोर बाय फोर म्हटलंय, त्यामुळे मी ट्रक ड्रायव्हर आहे असं मी बिनधास्त सांगतो, सासरी सोडून.

दोष गाडीचा नाही. त्या वेळचा अमेरिकन शिपाई सरासरी पाच फूट आठ इंचांचा, सीट त्याच्या मापाने केलेली, आणि ड्रायव्हरची सीट फिक्स. पुढेमागे सरकत नाही, पाठ कलत नाही. त्यात ड्रायव्हरच्या बुडाखाली पेट्रोलची टाकी, १५ अमेरिकन गॅलनची, म्हणजे आपले साधारण ५७ लिटर. पेट्रोल भरायचं तर आधी उतरायचं, गादी उचलायची, मग झाकण दिसतं, पंपावरची पोरं हे बघायला दुसऱ्या गाड्या सोडून येतात. म्हणजे खाली जायला जागा नाही कारण खाली टाकी, आणि मागे फार सरकता येत नाही कारण मागे लगेच चाकाची कमान. क्लच दाबला की माझा डावा गुडघा स्टिअरिंगला अडायचा, आणि समोरच्या काचेच्या फ्रेमची वरची पट्टी बरोब्बर डोळ्यासमोर, त्यामुळे सिग्नल बघायला मान खाली घालून बघायचं, जसं काही आपलाच गुन्हा आहे.

पहिल्यांदा मी तेच केलं जे सगळे करतात, गादी पातळ करून घेतली. कुशनवाल्याला सांगितलं चार इंचाची दोन इंच कर, त्याने केली, वर छान हिरवं कॅनव्हास लावलं, आणि दिवे घाट चढून येईपर्यंत माझी कंबर गेली. कारण बूड खाली गेलं की गुडघे वर येतात, स्टिअरिंगला आणखी घासतात आणि मांड्यांना आधारच राहत नाही, सगळं वजन माकडहाडावर. त्या पैशात चांगलं जेवण झालं असतं.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की उंच माणसं दोन जातीची असतात. काहींचे पाय लांब, काहींचं धड लांब. धड लांब असेल तर डोकं काचेच्या फ्रेमला किंवा वरच्या कापडी हूडला लागतं, त्याला सीट खाली पाहिजे. पाय लांब असतील तर सीट मागे पाहिजे, खाली नेली तर त्रास वाढतो. मी पायाचा लांब आहे, थोडा धडाचापण, म्हणजे नशीब बघा. त्यामुळे कोणी मला फोन करून विचारलं किती इंच मागे घेऊ, तर मी आधी भिंतीला टेकून जमिनीवर बसायला सांगतो आणि डोक्यापर्यंतची उंची मोजायला सांगतो, लोकांना वाटतं मी चेष्टा करतोय.

माप घेताना लोखंडाला हात लावू नका. मी सीट काढली, टाकीपण काढली, तिथे विटा आणि प्लायवूडचे तुकडे रचले, वर जुनी उशी, आणि चार संध्याकाळ नुसता बसून क्लच, ब्रेक, पायाने दाबायचं स्टार्टरचं बटण असं सगळं करून बघितलं. बायको चहा घेऊन आली, बघितलं, काही न बोलता परत गेली. हे बटण आणि डॅशबोर्डवर मधोमध असलेलं हँडब्रेकचं हँडल, या दोन गोष्टी लोक विसरतात. सीट तीन इंच मागे घेतली की हँडब्रेकसाठी अख्खं पुढे वाकावं लागतं, चढावर ते परवडत नाही. माझा हिशोब दोन इंचांवर थांबला.

मग भोसरीत एका फॅब्रिकेटरकडून जाड पट्टीचे ब्रॅकेट करून घेतले, जे मूळ भोकांनाच बोल्टने बसतात आणि सीटचे पाय दोन इंच मागे नेतात. गाडीच्या बॉडीला एकही नवीन भोक नाही, ही माझी अट होती आणि यावर मी भांडतो. त्या मिस्त्रीचं म्हणणं, "साहेब, जाग्यावर वेल्डिंगचे दोन टाके मारतो, पाच मिनिटाचं काम." टाकी असताना तिथे वेल्डिंग अजिबात नाही. टाकी रिकामी आहे हे तर अजून वाईट, भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ जास्त घातक, ठिणगी पडली की संपलं. सगळं वेल्डिंग बाहेर टेबलावर, रंग सुकल्यावर नुसतं बोल्ट आवळायचं. बोल्ट हाय टेन्साइल, म्हणजे जास्त मजबूत पोलादाचे घ्या, खाली मोठे वॉशर, कारण ब्रेक मारल्यावर नव्वद किलोचा माणूस त्या चार बोल्टवरच असतो.

गादी दुसऱ्या कुशनवाल्याकडून परत केली, उतरती. पुढे तीन इंच, मागे दोन, फोम कडक घेतला, मऊ फोम दुकानात बसून बघताना गोड लागतो आणि तासाभरात पापड होतो. आता बूड थोडं खाली आणि मांडीला आधार. पाठीच्या खालच्या बोल्टमागे वॉशर घालून पाठ जराशी कलती केली, तेवढ्याने काचेची पट्टी डोळ्यासमोरून वर गेली. लहान स्टिअरिंग लावायचा सल्ला मला दहा जणांनी दिला, मी नाही लावलं, पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीला लहान चाक म्हणजे पार्किंगमध्ये दंडाचा व्यायाम, आणि दिसतंही वाईट.

पण हे सगळं सरसकट प्रत्येक गाडीला चालत नाही. एका मित्राकडे युद्धकाळातला कॅनेडियन शेवरले आहे, पंधरा हंड्रेडवेटचा, म्हणजे साधारण पाऊण टन माल नेणारा. ब्रिटिशांना जहाजात जास्त मावावेत म्हणून आखूड ट्रक हवे होते, आणि कॅनडाचं इंजिन तर मोठं, मग ते कॅबमध्येच घुसलंय, ड्रायव्हरच्या शेजारी पाहुण्यासारखं बसतं आणि तापतं. या ट्रकच्या नंतर आलेल्या कॅबमध्ये, जिला १३ नंबरची म्हणतात, जरा ऐसपैस केलं म्हणतात, पण माझ्या ११ साइजच्या बुटाला अजूनही पेडलपाशी जागा शोधावी लागते. तिथे सीटमागे कॅबची भिंत, मागे जायचा प्रश्नच नाही, त्यामुळे आम्ही पाठीची गादी पातळ केली, बसायच्या गादीला हातही लावला नाही, आणि त्याला सांगितलं चपटे बूट घाल. त्याला ते फार आवडलं नाही, पण आता गाडी चालवतो.

माझ्या जीपला आता एकच गैरसोय, बायको पाच फूट दोन आहे आणि तिला चालवायला आवडते, मग पाठीमागे सोफ्याची उशी लागते. ती म्हणते काढ तुझे ब्रॅकेट. निघतात, अर्ध्या तासाचं काम आहे. मूळ चारही बोल्ट मी श्रीखंडाच्या डब्यात तेल लावून ठेवलेत, त्यातल्या तिघांच्या डोक्यावर फोर्डचा एफ आहे, चौथा नाना पेठेतला.