लॉस बान्योस: सुटकेची सकाळ आणि नंतर गावाचं काय झालं

मनिला गर्दीत आणि घामात गेलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. फिलिपिन्समधल्या लॉस बान्योस गावी लोक गरम पाण्याच्या कुंडांसाठी आणि बुको पाय या शहाळ्याच्या गोड पदार्थासाठी जातात. मी गेले ती विद्यापीठातला बेकर हॉल बघायला.

मकिलिंग डोंगराच्या पायथ्याशी असलेली ही जुनी व्यायामशाळा. आत पोरं बास्केटबॉल खेळत होती, बुटांचा चर्रचर्र आवाज बाहेरपर्यंत येत होता. दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्स जपानच्या ताब्यात होतं. 1943च्या मे महिन्यात जपान्यांनी मनिलाच्या सांतो तोमास छावणीतून 800 पुरुष इथे आणून कोंडले. पुढे शेजारी बराकी उभ्या राहिल्या आणि 1945च्या सुरुवातीला तिथे 2,147 माणसं होती. सैनिक नव्हेत, साधे नागरिक, बहुतेक अमेरिकन, त्यांत बायका, मुलं, नन आणि पाद्री. कोठार सांभाळणारा कोनिशी नावाचा अधिकारी त्यांना शेवटी शेवटी टरफलं न काढलेलं भात द्यायचा. पोटात आग पडलेली माणसं हातांनी एकेक दाणा सोलत बसायची. हे वाचलं होतं तेव्हाच मला राहवलं नव्हतं.

छावणीतून निसटलेल्या पीटर माइल्स या इंजिनियरने बातमी आणली की पहारेकरी सकाळी सातच्या सुमारास कवायत करतात आणि तेव्हा त्यांच्या बंदुका कुलपात असतात. अमेरिकनांनी सुटकेची सगळी मोहीम या एका सवयीवर बेतली. 23 फेब्रुवारी 1945ला सकाळी सात वाजता आकाशात अमेरिकन सैनिकांच्या हवाई छत्र्या उघडल्या. जपान्यांशी गनिमी काव्याने लढणारे हंटर्स तुकडीचे फिलिपिनो आणि अमेरिकन टेहळे आधीच कुंपणाजवळ दबा धरून होते. जमिनीवर आणि पाण्यात चालणाऱ्या 54 गाड्या रात्रीच्या अंधारात लगुना सरोवर ओलांडून आल्या.

आणि कैदी? ते सामान बांधत बसले! वर्षानुवर्षं जपलेल्या चार वस्तू सोडवेनात. शेवटी सैनिकांनी बराकींना आग लावून त्यांना गाड्यांकडे पिटाळलं. त्यात तीन दिवसांची एक तान्ही मुलगीही होती. एका खेपेत सगळे मावले नाहीत म्हणून गाड्या पुन्हा आल्या. सगळेच्या सगळे सुटले. त्याच दिवशी जपानच्या इवो जिमा बेटावर अमेरिकन झेंडा फडकला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं.

हॉलबाहेरच्या बाकावर एक आजोबा बसले होते. मी फोटो काढतेय हे बघून इंग्रजीत म्हणाले, "गावाचं काय झालं, ते माहीत आहे ना?"

माहीत होतं, पण एका ओळीपुरतं. अमेरिकन त्याच दिवशी परत गेले. मुलूख अजून जपान्यांच्याच हातात होता. थोड्याच दिवसांत जपानी सैनिक आणि त्यांना सामील झालेले फिलिपिनो, म्हणजे मकापिली, गावात शिरले. घरं पेटवली, बायकामुलांसकट सुमारे 1,500 माणसं मारली. आजोबांच्या घरची माणसं त्यांतच गेली. ते आवाज न चढवता सांगत होते आणि मला वहीत लिहायचंही सुचेना. कोनिशीला युद्धानंतर खटला चालवून फाशी दिली, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

तेव्हापासून मनात राग आहे. कवायतीची वेळ हेरणाऱ्या, मिनिटामिनिटाचा हिशेब मांडणाऱ्या लोकांना, मागे राहणाऱ्या गावावर सूड उगवला जाईल हे सुचलं नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. कैद्यांना सोडवायलाच हवं होतं, आणखी उशीर झाला असता तर ते उपाशी मेले असते. पण जंगलातल्या वाटा दाखवणारी, होड्या पुरवणारी, जिवावर उदार होऊन निरोप पोहोचवणारी माणसं याच भागातली होती. त्यांना वाऱ्यावर सोडलं, असंच मी म्हणेन.

जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा, कुंडांकडे जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता तुंबतो. बेकर हॉल बघून लगेच परत फिरू नका, गावातही हिंडा. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना 23 तारखेनंतरचं विचारा, ती सांगतात.