आंबेनळी उतरताना ‘हलक्या’ ब्रेकांचं काय होतं

पुण्यात कुठल्याही सायकलच्या दुकानात जाऊन विचारा, की एमटीबीला (माउंटन बाइकला) कमी पैशात हलके डिस्क ब्रेक बसवायचेत, काय करू? दुकानदार आधी डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणारं ब्रेकचं पातं, हलकी करायला सांगतो. मलाही तेच सांगितलं गेलं. पुणे, वाई, महाबळेश्वर, आंबेनळी घाटाने पोलादपूर, महाड, वरंधा घाट, भोर आणि परत पुणे, अशी फेरी करून आल्यावर माझं मत झालंय ते असं: सामान लादून सह्याद्रीतला घाट उतरायचा असेल तर वजन बाकी कुठूनही काढा, पुढच्या डिस्कमधून आणि तिला दोन बाजूंनी घासणाऱ्या पॅडमधून काढू नका. ज्यांना दम आहे, पंक्चर काढता येतं आणि जे डिसेंबर-जानेवारीत हाच रस्ता धरणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

दुकानाची कथा आधी, कारण अजून राग गेलेला नाही. जुने केबलवाले डिस्क ब्रेक काढून हायड्रॉलिक, म्हणजे नळीतल्या तेलाच्या दाबाने चालणारे, बसवायचे होते. दुकानदाराने कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा एक सेट पुढे केला. सोबत १६० मिमीच्या दोन ‘रेस’ डिस्क, पात्याचा बराचसा भाग कापून काढलेला, हातात घेतल्या तर पत्रा वाटावा अशा. “दादा, डिस्कमध्येच शंभर ग्रॅम वाचतात, पसरणी घाट चढताना कळेल.” सेटचे ७,८०० रुपये, डिस्कचे वेगळे १,९००, आणि वर ‘ब्लीडिंग’चे, म्हणजे नळीतली हवा काढून तेल भरायचे, ७००. हे सातशे मला जास्त झोंबले. नवा सेट कारखान्यातूनच तेल भरून, हवा काढून येतो. नळी कापली किंवा फ्रेमच्या आतून ओवली तरच लिव्हरपाशी (हँडलवरच्या ब्रेकच्या दांडीपाशी) उघडावी लागते आणि ब्लीड करावं लागतं. माझ्या फ्रेमला नळी बाहेरून जाते, ती कुणी कापली नाही. मग सातशे कशाचे? आणि पॅडचं पाकीट मागितलं तर “सेटमध्येच आलेत” म्हणे. पाकीट नाही, एमआरपी नाही, पॅड कुठल्या मसाल्याचे (घासणारा थर कशाचा) याचा पत्ता नाही. पाकीटबंद मालावर एमआरपी छापणं कायद्याने बंधनकारक आहे, आयात मालावरसुद्धा. छापलेली किंमत नसेल तर उठून बाहेर या.

पसरणी चढताना शंभर ग्रॅम कळले नाहीत. कळणारही नव्हते. मी, सायकल आणि दोन पॅनिअर (कॅरियरला अडकवायच्या पिशव्या) मिळून शंभर किलोच्या आसपास जातं, त्यात शंभर ग्रॅम म्हणजे हजारातला एक भाग. खंबाटकी, वाई, पाचगणी, महाबळेश्वर, सगळं छान झालं, हवा सुंदर होती, स्ट्रॉबेरी खाल्ली. पुढे चला.

आंबेनळी. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, पोलादपूर जवळजवळ कोकणच्या पातळीला, आणि मधे चाळीसेक किलोमीटर रस्ता. म्हणजे बाराशे मीटरांहून जास्त उतार. शंभर किलो वजन एवढं खाली आणायचं तर बारा लाख ज्यूलच्या वर ऊर्जा कुठेतरी जिरायला हवी. चार लिटर गार पाण्याला उकळी आणायला साधारण एवढीच उष्णता लागते. सरळ, मोकळ्या उतारावर ताशी पन्नासने गेलात तर त्यातला मोठा वाटा हवा खाते. आंबेनळीत तसं जाता येत नाही. वळणावर वळण, वळणात खडी, समोरून अख्खा रस्ता व्यापून येणारी एसटी. ताशी वीस-पंचवीसला हवेचा वाटा बराच कमी होतो, तीव्र उतारावर बहुतेक भार डिस्कवर येतो, आणि त्यातही निम्म्याहून बराच जास्त पुढच्या.

प्रतापगड फाट्यापर्यंत, म्हणजे कुंभरोशीपर्यंत, निभावलं. दोनदा थांबलो, चहा घेतला. खरा त्रास फाट्यानंतर कोकणाकडे उतरताना. आधी पॅड घासल्याचा चर्र आवाज सुरू झाला, ब्रेक सोडला तरी बंद होईना. पातळ पातं तापून वाकलं होतं. मग जळका वास. मग लिव्हर घट्ट असूनही सायकल थांबेना, बोटं दुखेपर्यंत दाबलं तरी नुसती घसरत चाललेली. मागचा ब्रेक धरून, डोंगराच्या बाजूच्या गटाराला टेकवून उतरलो. डिस्कवर तपकिरी-निळी छटा चढलेली. थोड्या वेळाने लिव्हर दाबून पाहिली तर ती हँडलला येऊन टेकली.

हे दोन वेगळे आजार आहेत, नीट ओळखा. लिव्हर घट्ट आहे पण पकड नाही: पॅड तापून गुळगुळीत झालेत. लिव्हर मऊ होऊन हँडलपर्यंत येते: कॅलिपरमधलं (पॅड धरणाऱ्या चिमट्यामधलं) तेल उकळून त्यात वाफ झालीय. पहिल्यात सायकल उशिरा थांबते, दुसऱ्यात थांबतच नाही. दोन्हीवर त्या जागी औषध एकच, उतरा आणि थांबा. तापलेल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतू नका, पातं आणखी वाकेल. मी अर्धा तास बसलो, मग कापडे गावापर्यंत बराचसा उतार चालत उतरलो. २०१८चा बस अपघात याच घाटातला. कठड्याशी उभं राहून दरीत पाहिलं की शंभर ग्रॅमची गोष्ट सांगणाऱ्यांना इथे आणून उभं करावंसं वाटतं.

सोबतच्या मित्राकडे शिमानोचा एमटी२००, त्यांच्या यादीतला अगदी खालचा हायड्रॉलिक. लिव्हर लांबट आणि जाडी, दिसायला काही नाही. पण त्याने पुढे १८० मिमीची जाड, साधी डिस्क लावलेली. तो माझ्याहून वजनाला जास्त, सामान तेवढंच, आणि पोलादपूरला माझ्या आधी पोचून वडापाव खात बसला होता. मला जे काही सांगायचंय ते एवढ्यात आलंच.

पोलादपूरला मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये गेलो. काका मदतीला तत्पर. “ब्रेक ऑइल ते ब्रेक ऑइल, डॉट थ्री आहे, टाकून देतो.” हात जोडून नको म्हटलं. तुम्हीही म्हणा. शिमानो, टेक्ट्रो, मगुरा यांच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं. त्यात डॉट, म्हणजे मोटरसायकलचं ब्रेक ऑइल, टाकलं तर आतली रबरं फुगतात आणि सेट कचऱ्यात जातो. उलटंही तेच: स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकांत आणि होपमध्ये डॉट असतं, त्यात मिनरल चालत नाही. लिव्हरच्या टाकीवर किंवा झाकणावर लिहिलेलं असतं, वाचा. डॉट गावोगावी मिळतं हा फायदा खरा, पण ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट फोर नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी पिऊन बसलं की तीच मर्यादा १५५ वर येते. पावसाळाभर कोकण-मावळात फिरणाऱ्याने ते वर्षाला बदलायला हवं, आणि आपल्यातले किती जण बदलतात? म्हणून कमी खर्चात मिनरल.

त्या काकांकडे काचकागद होता, तो मात्र कामी आला. पॅड काढून सपाट फरशीवर काचकागद ठेवून त्यावर घासले, चकाकी जाऊन खरखरीत पृष्ठ वर येईपर्यंत. डिस्क स्पिरिटने पुसली. मग सपाट रस्त्यावर वेग घ्यायचा आणि पूर्ण न थांबता ब्रेकने कमी करायचा, असं वीसेक वेळा. नवे पॅड टाकल्यावरही हे करावंच लागतं, दुकानवाले सांगत नाहीत. पकड बरीच परत आली. पॅडला तेल लागलं असेल तर मात्र हा उपाय चालत नाही, सरळ फेका. आणि ब्रेक ओरडतोय म्हणून कुणी डिस्कवर तेलाचा स्प्रे मारायला आला तर त्याचा हात धरा.

आता खरेदी. दहा हजारांच्या आत सगळं बसवायचं असेल तर माझ्या मते हिशेब असा. दोन पिस्टनचा (पिस्टन म्हणजे पॅड डिस्कवर ढकलणारे दट्टे), मिनरल ऑइलचा, नावाजलेल्या कंपनीचा सगळ्यात स्वस्त सेट: शिमानो एमटी२०० किंवा टेक्ट्रोचा एम२७५. हातात थोडे जास्त पैसे असतील तर डिओर एम६१००, लिव्हर आखूड आणि एका बोटाने चालणारी. चार पिस्टनवाले एवढ्यासाठी लागत नाहीत. पुढे १८० मिमी, मागे १६०. वजन वाचवायची परवानगी मी मागच्या चाकाला देतो, पुढच्याला नाही. १६०वरून १८०वर गेल्याने पुढे जास्तीत जास्त पन्नास ग्रॅम वाढतात, अडॅप्टर (कॅलिपर उंचावणारा जोडतुकडा) धरून थोडे अधिक. ते पन्नास ग्रॅम ट्यूबमधून काढा. साधी ब्यूटाइल ट्यूब २९ इंची चाकाला दोनशे ग्रॅमच्या आसपास असते, टीपीयू नावाच्या प्लास्टिकची त्याच्या निम्म्याहूनही हलकी. स्टँड काढा. तारेच्या कडेचं टायर बदलून घडीचं घ्या. डिस्कमधले ग्रॅम सगळ्यात महागही पडतात आणि सगळ्यात आधी तापतातही.

१८० घेण्याआधी फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) तेवढी डिस्क घेतो का, हे कंपनीच्या कागदात पाहा. पोस्ट माउंट (फोर्कवरची कॅलिपर बसवायची जागा) १६०चा असेल तर अधिक वीसचा अडॅप्टर लागतो. हब (चाकाचा मधला भाग) डिस्क सहा बोल्टने धरणारा आहे की सेंटरलॉक, म्हणजे मधल्या एका कड्याने धरणारा, हे घरून पाहून जा, नाहीतर दुकानात जे पडून आहे तेच गळ्यात मारतात.

पॅडचं थोडं सविस्तर, कारण इथेच फसवतात. रेझिन पॅड शांत, गार असताना चावा चांगला, स्वस्त; पण घाटात लवकर हरतात आणि चिखल-पावसात झिजून जातात. मेटल पॅड ओरडतात, पण तापले तरी धरतात आणि टिकतात. सामान लादून घाट उतरणाऱ्याने पुढे मेटल लावावेत. फक्त डिस्क ते सोसणारी हवी. शिमानोच्या स्वस्त डिस्कांवर, म्हणजे आरटी२६, आरटी५६, ‘रेझिन पॅड ओन्ली’ कोरलेलं असतं. त्यावर मेटल लावलेत तर डिस्क भराभर झिजेल. आरटी६६ दोन्ही घेते, मित्राची तीच होती. शिमानोची डिस्क नवी १.८ मिमी जाड असते आणि १.५ला बाद होते, तो आकडाही पात्यावर लिहिलेला असतो. पॅडचा मसाला अर्ध्या मिलिमीटरवर आला की बदला. आणि जादा जोडी सोबत ठेवा. पोलादपूर-महाडला मोटरसायकलचे पॅड ढिगाने मिळतील, तुमच्या कॅलिपरचे नाही.

परदेशातून कुणाकडून सेट मागवणार असाल तर एक बारीक गोष्ट. युरोप-अमेरिकेचे सेट उजव्या लिव्हरला मागचा ब्रेक असे येतात. आपल्याला मोटरसायकलमुळे उजवीकडे पुढचा लागतो. बदलायचं म्हणजे नळ्या उघडणं, आणि तेव्हा मात्र ब्लीडिंगचे पैसे रास्त.

केबलवाल्या डिस्क ब्रेकला हसू नका. जड आहेत, बोटं दुखतात, पण त्यात उकळायला तेल नाही. पॅड झिजले की कॅलिपरचं बटण दोन टिचक्या फिरवायचं. बजेट चार हजारांच्या खाली असेल तर अनोळखी हायड्रॉलिक घेण्यापेक्षा चांगला केबलवाला घ्या.

उतरताना ब्रेक सतत अर्धवट धरून ठेवू नका. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात, वेग पुरेसा कमी झाला की पूर्ण सोडा, पात्याला गार व्हायला वेळ द्या. सरळ तुकड्यात पाठ ताठ करून बसा, तेवढीच हवेची मदत. आंबेनळी सकाळी लवकर घ्या. शनिवार-रविवारी अकरानंतर पर्यटकांच्या गाड्यांमागे रखडत उतरावं लागतं आणि ब्रेक सुटतच नाही.

वरंध्याबद्दल: चढ आहे, ब्रेकचा प्रश्न नाही, माथ्यावर भजी मिळतात, पुढे नीरा देवघरच्या कडेने भोरपर्यंत फार त्रास नाही. पावसाळ्यात हा घाट अनेकदा बंद ठेवतात, महाडला चौकशी केल्याशिवाय वर जाऊ नका. त्या पत्र्याच्या डिस्क परत आल्यावर काढल्या. दुकानदार म्हणतो, वापरलेला माल परत घेत नाही. सातशेची पावती मागितली आहे, अजून मिळालेली नाही.