वाघाच्या वाटेने, उलट्या दिशेला: येडशी ते सहस्रकुंड

लातूर जिल्ह्यात मांजरा नदीच्या काठी आमचे शेत आहे. आमच्या शिवारात लांडगा, कोल्हा, हरणे आणि अलीकडे उसात बिबट्याही दिसतो. पण वाघ म्हटला की तो विदर्भाचा, आणि तो पाहायचा असेल तर ताडोब्याला जायचे, अशी समजूत माझ्या मनात लहानपणापासून पक्की होती. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यातील ट्रॅप कॅमेऱ्यात पट्टेदार वाघ टिपला गेला, आणि अंगावरच्या पट्ट्यांवरून तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याचा असल्याचे स्पष्ट झाले, तेव्हा ही समजूत पार मोडली. टिपेश्वर ते येडशी अशी नकाशावर सरळ रेषा ओढली तरी अंतर ३०० किलोमीटरच्या वर भरते, आणि वाघ काही सरळ रेषेत चालत नाही. म्हणजे हा प्राणी मराठवाड्याच्या शेतांमधून, ओढ्यांमधून आणि गावांच्या कडेकडेने रात्रीमागून रात्री चालत आला होता आणि त्या वेळी आपण सारे घरात झोपलेलो होतो. तो ज्या मुलखातून आला असेल तो मुलूख उलट्या दिशेने पाहावा, असे मी ठरवले.

महाशिवरात्र होऊन आठवडा झाला होता. येडशीला बसमधून उतरून मी रामलिंगाच्या घाटात चालू लागलो. सीतेला पळवून नेणाऱ्या रावणाशी लढताना जटायू इथेच कोसळला आणि रामाने बाण मारून त्याच्यासाठी पाणी काढले, अशी इथली आख्यायिका आहे. मंदिराच्या आवारात जटायूची समाधी दाखवतात. एका पक्ष्याचे ऋण मानणारे देवस्थान अभयारण्याच्या कुशीत असावे, हे मला फार अर्थपूर्ण वाटले. पावसाळ्यात कोसळणारा मंदिरामागचा धबधबा आटलेला होता, आवारात माकडांची वर्दळ होती आणि उतारावरचा पळस ऐन भरात होता.

बालाघाटाच्या डोंगररांगेतले हे अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरचे आहे. मला भेटलेल्या वनरक्षकांनी पाणवठ्याच्या वाटेवर समोरासमोर लावलेले दोन कॅमेरे दाखवले. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगवेगळे असतात, म्हणून ओळख पटवायला दोन्ही बाजूंची छायाचित्रे लागतात. आणि एका वाघाचे पट्टे दुसऱ्याशी कधीच जुळत नाहीत. दोन वर्षांच्या आसपास नर आईपासून वेगळा होतो, त्याला स्वतःची हद्द हवी असते आणि जुने नर त्याला टिकू देत नाहीत. टिपेश्वर सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे आहे आणि तिथे वाघांची दाटी झाली आहे, त्यामुळे तरुण नरांना बाहेर पडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. “पण साहेब, इथे त्याला जोडीदारीण नाही, म्हणून तो एका जागी ठरत नाही,” असे वनरक्षक म्हणाले. जानेवारी २०२५ मध्ये ताडोब्याहून आलेल्या पथकाने त्याला बेशुद्ध करून पकडण्याचा प्रयत्न केला होता, पण येडशी आणि बार्शीच्या दरम्यान फिरणारा हा वाघ त्यांच्या हाती लागला नाही.

घाट उतरून खाली आलो तेव्हा बांधावर एक वयस्क गुराखी बसले होते. त्यांची कालवड वाघाने मारली होती, हे मला वनरक्षकांकडून आधीच कळले होते. मी बिचकतच विषय काढला.

“मामा, राग नाही आला?”

“आला की. पोटच्या लेकरावानी वाढवली व्हती,” ते म्हणाले. “पर मेलेलं जनावर हलवू नका म्हणून फॉरेस्टवाल्यांनी सांगितलेलं व्हतं, म्हणून तिथंच ठिवलं. दुसऱ्या दिशी पंचनामा झाला, पैसं बी आलं. माझं म्हणणं यवढंच हाय, आमाला दिवसा लाईट द्या. राती दोन वाजता मोटर चालू कराया कोन जाईल?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. वाघांविषयी जनजागृती म्हणजे भित्तिपत्रके आणि शाळेतली चित्रकला स्पर्धा, असेच मी इतके दिवस समजत आलो होतो. या गावांना मात्र साध्या, कामाच्या गोष्टी हव्या आहेत. जनावर मारले गेले तर ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवावे लागते. कळवण्यासाठी १९२६ हा विनाशुल्क क्रमांक आहे. पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागचे हलवू नये आणि रागाच्या भरात त्यावर विष तर मुळीच टाकू नये, कारण वाघ आपल्या शिकारीकडे पुन्हा येतो. मामांना यातले बरेचसे ठाऊक होते, म्हणून त्यांना भरपाई मिळाली आणि वाघही जगला. ज्यांना ठाऊक नाही अशा गावांची संख्या किती मोठी असेल, हा विचार पुढच्या प्रवासात सतत सोबत राहिला.

येडशीहून ढोकी, मुरूड आणि लातूर असा बसचा रस्ता. खिडकीतून मी प्रथमच वाघाच्या नजरेने शिवार पाहत होतो. दूरवर पसरलेला ऊस म्हणजे दिवसा दडायला जागा. ओढ्याकाठची बाभूळबने म्हणजे चालायला आडोसा. आणि पडीक गायरान म्हणजे दोन आडोशांमधला दुवा. आपण ज्याला निकामी जमीन म्हणतो तीच त्याची वाट आहे. ओढे सपाट करून शेतात घेतले, गायरानावर अतिक्रमण झाले आणि डोंगर मुरमासाठी पोखरले, तर ही वाट कुठे तुटली ते आपल्याला कळणारही नाही. बालाघाटाच्या झाडोऱ्याचा संबंध केवळ वाघाशी आहे असेही नाही. तेरणा आणि मांजरा या दोन्ही नद्या याच डोंगरांत उगम पावतात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा मी घागर घेऊन रांगेत उभा होतो. उघड्या पडलेल्या डोंगरांचा आणि कोरड्या पात्राचा संबंध मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

लातूरहून अहमदपूर, लोहा करत रात्री नांदेडला पोहोचलो आणि सकाळी आदिलाबादकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. समोरच्या बाकावर किनवटचे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांच्याशी गप्पा सुरू झाल्या आणि अर्थातच टी-१ सी-१ या वाघाचा विषय निघाला, कारण तो याच भागातून गेला होता. टिपेश्वरच्या या नराच्या गळ्यात २०१९ च्या फेब्रुवारीत भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रेडिओ कॉलर बसवली होती. त्याच वर्षी जूनमध्ये तो बाहेर पडला आणि तेलंगणातले आदिलाबाद, मग नांदेड, हिंगोली असे जिल्हे ओलांडत डिसेंबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर त्याचे १३०० किलोमीटर चालून झाले होते. कॉलर काढेपर्यंत हा आकडा ३००० च्या वर गेला. एवढ्या प्रवासात तो शेकडो गावांच्या शेजारून गेला आणि माणसांना त्याचा त्रास जवळजवळ झालाच नाही. एकदा तो झुडपाखाली विसावला असताना माणसे थेट तिथवर गेली आणि एक जण जखमी झाला, तेवढाच काय तो अपवाद. “वाघाला गर्दी नको असते, गर्दी आपल्याला हवी असते,” असे गुरुजी म्हणाले. वाघ दिसल्याची बातमी येताच मोबाईल घेऊन शिवारात धावणाऱ्या तरुणांना त्यांनी बजावून ठेवले आहे की, लांब उभे राहा, त्याच्यासाठी वाट मोकळी ठेवा आणि फोन करायचाच असेल तर वनविभागाला करा.

मराठवाड्यात वाघ येण्याची ही दोनच उदाहरणे नाहीत. मार्च २०२१ मध्ये कन्नडजवळच्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यातही टिपेश्वरकडचाच एक वाघ कॅमेऱ्यात आला, आणि तिथे त्याआधीची वाघाची नोंद १९४० सालची होती. तरीही महाराष्ट्रातल्या सहा व्याघ्र प्रकल्पांपैकी एकही मराठवाड्यात नाही. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत आपले मेळघाट होते. २००६ च्या गणनेत देशात अवघे १४११ वाघ उरल्याचे आढळले. २०२२ च्या गणनेत ते ३६८२ झाले आणि त्यांतले ४४४ महाराष्ट्रात होते. ही वाढ खरी आहे, कष्टाने मिळवलेली आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पण वाढलेले वाघ राखीव जंगलाच्या कुंपणात मावणार नाहीत. जंगलांची बेटे एकमेकांपासून तुटली तर आतल्या आत वीण होऊन त्यांचा वंश कमकुवत होतो, म्हणून एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाणारा प्रत्येक तरुण वाघ महत्त्वाचा आहे. त्याचे मधले सगळे मुक्काम मात्र आपल्या शेतांत असतात.

हिमायतनगरच्या पुढे उतरून रिक्षाने सहस्रकुंडाला पोहोचलो. पैनगंगा इथे काळ्या खडकावरून खाली झेपावते. पावसाळ्यात तिच्या आवाजाने बोलणे ऐकू येत नाही, पण मार्चमध्ये दोन-तीन धारा तेवढ्या उरल्या होत्या. अलीकडच्या काठाला मराठवाडा संपतो आणि पलीकडे विदर्भ सुरू होतो. त्या बाजूचे पैनगंगा अभयारण्य आणि या बाजूची किनवटची सागवानी राने यांच्यामध्ये ही नदी आहे. जाळे सुकवत बसलेल्या एका माणसाने मला सांगितले की, दिवाळीनंतर पाणी ओसरले की खालच्या अंगाला गुडघाभर पाण्यातून जनावरे ये-जा करतात. मी तिथवर चालत गेलो. ओल्या वाळूत गुरांचे खूर होते, रानडुकरांची उकर होती आणि कुत्र्याचे की कोल्ह्याचे, असे काही पंजे होते. वाघाचे काही नव्हते, आणि तशी अपेक्षाही मी धरली नव्हती.

तिथल्या खडकावर बसलो असताना ज्या गोष्टीचा विचार मी येडशीपासून टाळत होतो ती समोर आली. २०१७ च्या एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ श्रीनिवास नावाचा तरुण वाघ मेला. प्रसिद्ध ‘जय’ वाघाचा तो बछडा होता. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या प्रवाहाने त्याचा जीव घेतला. अशा तारेने वाघ मरतात, बिबटे मरतात, पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीही मरतो, आणि हे बेकायदा आहे हे प्रत्येकाला माहीत असते. आमच्या शेतात उन्हाळी भुईमूग आहे. त्याच्या कडेने चुलतभाऊ रोज रात्री तशीच तार लावतो, आणि मी गेली दोन वर्षे ती पाहून गप्प बसलो आहे.

मी त्याला तिथूनच फोन लावला.

“आबा, आजपासून तारेत करंट सोडू नको.”

“डुकरं एका रातीत अर्धा एकर उकरतेत. तुला काय, तू फिरतूस.”

“खरं आहे. पण तार काढ.”

तो बराच वेळ बोलला नाही. पाण्याचा आवाज त्याला ऐकू जात असावा.

“मग राखणीला कोन बसल?”

“उद्या संध्याकाळी पोहोचतो. शेतातल्या आखाड्यावर माझं अंथरूण टाकून ठेव.”