सियाचीनची थंडी, टमरेल आणि तिळगुळाचे लाडू

सियाचीन बॅटल स्कूलचं नाव निघालं की आमचे अण्णा आणि त्यांच्या पलटणीतले तात्या नि आबा आधी हसायला लागतात, गोष्ट नंतर सुरू होते. तिघंही मराठा लाइट इन्फंट्रीचे, बेळगावच्या सेंटरला घडलेले, आणि नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात तिघांना ग्लेशियरवर चढायच्या आधीच्या ट्रेनिंगला या स्कूलमध्ये एकत्रच पाठवलेलं. हे किस्से मी लहानपणापासून ऐकतोय आणि आता लिहून ठेवतोय, कारण सियाचीन म्हणलं की आपल्याकडं हिमस्खलन आणि शहीद जवान एवढंच बोललं जातं, ते बोललंच पाहिजे, पण तिथं पोरं हसत पण होती, पोट धरून हसत होती, हे कुणी विचारतच नाही.

हिवाळ्यात लेहच्या रस्त्यावरची झोजिला खिंड बंद, त्यामुळं चंदीगडवरनं विमानानं थेट लेह. उतरल्यावर लगेच काम नाही, ११ हजार फुटांची सवय व्हायला ६ दिवस, त्यातले पहिले दोन नुसतं पडून राहायचं, पुढच्या उंचीला अजून ४ दिवस, त्याच्या वर गेलं की परत ४. यांच्यात कराडकडचा एक पैलवान गडी होता, तालमीत वाढलेला, त्याला रिकामं पडून राहणं काही जमेना, दुसऱ्याच दिवशी गपचूप कोपऱ्यात जोर मारायला लागला. थोडे झाले नाहीत तोवर भिंतीला टेकून बसला आणि म्हणतो, "आरं, जमीन फिरतीया." डॉक्टरनं वर त्याला जास्तीचे दिवस झोपवलं. लडाखच्या रस्त्यांवर बॉर्डर रोड्सची पाटी असते, लामांच्या भूमीत गामा बनू नका, गामा म्हणजे तोच आपला गामा पैलवान. ती पाटी दिसल्यावर याचं नाव काय पडलं असेल सांगायला नको. अजून भेटले की सगळे त्याला गामाच म्हणतात.

बेस कॅम्प साधारण १२ हजार फुटांवर, नुब्रा नदी ग्लेशियरमधनं निघते तिथंच जवळ. रात्री पारा उणे २० च्याही खाली. पाणी तिथं ८८ अंशालाच उकळतं, म्हणून कुकर नसेल तर डाळ शिजतच नाही, लंगरवाला शिट्ट्या मोजून मोजून वैतागलेला. अंडं फोडायला हातोडी. टूथपेस्ट बुखारीजवळ धरल्याशिवाय ट्यूबमधनं बाहेर येत नाही. बुखारी म्हणजे रॉकेलची शेगडी, तिच्या काजळीनं सकाळी सगळ्यांची नाकं आतनं बाहेरनं काळी, फॉलिनला, म्हणजे रांगेत हजेरीला, कोण कोण आहे हे आवाजावरनं ओळखायचं. पण तिघांचा सगळ्यात लाडका विषय म्हणजे टमरेल. रात्री जायची वेळ आली की एकावर एक कपडे चढवायचे, दुहेरी बूट घालायचे, यातच अर्धा जीव जातो, मग गरम पाणी टमरेलात घेऊन निघायचं, आणि ज्या कामासाठी नेलं त्याची वेळ येईपर्यंत टमरेलात वर बर्फाची पापडी. तात्या म्हणतात शत्रूपेक्षा त्या टमरेलानं जास्त पळवलं.

शिकवायला लडाख स्काउट्सचे एक उस्ताद होते. फौजेत मराठा जवानाला गणपत म्हणतात, तसे ते सगळ्यांनाच गणपत म्हणायचे. दोराला सगळे एकामागं एक बांधलेले, पुढचा आइस ॲक्स टोचून टोचून बर्फ तपासणार, कारण वरनं सपाट दिसतं आणि खाली भेग असते. एक दिवस तात्याच गेले खाली. मागच्यांनी शिकवल्याप्रमाणं ॲक्स रोवून पोटावर अंग टाकलं, दोर ताणला, तात्या लोंबकळत राहिले. उस्तादांनी वाकून विचारलं, "गणपत, ठीक हो?" तर खालनं उत्तर, "एकदम ठीक उस्ताद, इधर हवा नहीं लगती, थोडा रुकने दो!" वर सगळे असे हसायला लागले की ओढायला कुणाच्या अंगात जोर राहीना. उस्ताद पण हसले, मग तात्या वर आल्यावर सगळ्यांना रगडा, म्हणजे घाम निघेपर्यंत शिक्षा.

याच उस्तादांचा एक नियम होता, आणि मला वाटतं सगळ्या गोष्टींत हाच सगळ्यात मोलाचा. रात्री हटमध्ये झोपायच्या आधी प्रत्येकानं एक किस्सा सांगायचाच, येत नसेल तर गाणं. पोरांना वाटायचं करमणूक आहे. पण थंडी शरीरात भिनली की जीभ जड होते, उंची डोक्याला बाधली की माणूस गप्प होतो नाहीतर चिडतो, आणि ते उस्ताद ऐकत बसायचे. आबा म्हणजे एरवी बडबडीचा कारखाना, तर एका रात्री त्यांनी दोनच शब्दात उरकलं. उस्तादांनी लगेच उठवलं, टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालायला लावलं, आबा तिसऱ्या पावलाला कलंडले. त्याच रात्री एमआय रूम, म्हणजे फौजेचा दवाखाना, ऑक्सिजन, आणि तिथनं खाली. आबा आजपण सांगतात, "मी जोक विसरलो म्हणून वाचलो."

तेव्हा नवीन लग्न झालेलं, अण्णांनी आईला पत्र टाकलं ते पेन्सिलनं, पेनातली शाई गोठलेली. पत्रात काय तर "इथे थोडे गार आहे, काळजी नसावी". आईनं ते खरं मानून एक अर्ध्या बाह्यांचा स्वेटर आणि संक्रांतीचे तिळगुळाचे लाडू पाठवले. लाडू पोचेपर्यंत दगड. दातानं फुटेनात, खलबत्ता कुठला, शेवटी आइस ॲक्सनं फोडले आणि पोरांनी ओळीत उभं राहून एकमेकांना दिले, गोड बोला म्हणत, गालात धरून बोबडं बोलत. उस्तादांनी एक तुकडा तोंडात ठेवला तो पूर्ण बर्फाची भिंत चढून उतरले तरी संपला नव्हता, म्हणाले असं राशन सरकारनं द्यायला पाहिजे.

पुढच्या संक्रांतीला पलटण खाली आलेली होती, पण आईनं उस्तादांसाठी वेगळा डबा भरला, पत्ता फौजेच्या टपालाचा, केअर ऑफ ५६ एपीओ. यावेळी कडक होऊ नयेत म्हणून तूप दुप्पट घातलं. त्या थंडीत तूपच आधी दगड होतं हे अण्णांनी तिला अजून सांगितलेलं नाही.