आधी झटका, की आधी हात गेला?

पोराचा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं: "अंगावरून वारं गेलं." झटका आला की, "फीट आली." दोन्ही एकाच पोराला झालं, की घरात दोन तट पडतात. एक लकव्याच्या झाडपाल्याकडे ओढतो, दुसरा मेंदूच्या डॉक्टरकडे. अशा वेळी बहुधा दुखणं एकच असतं, मेंदूच्या एका अर्ध्या भागातलं. कोणतं, हे ओळखायला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो क्रमाचा: आधी काय झालं, किती वेळ राहिलं, आणि पूर्ण परत आलं का.

झटका आधी, मग कमजोरी, आणि काही मिनिटांपासून साधारण ३६ तासांत हात पहिल्यासारखा, याला टॉडचा लकवा म्हणतात. रॉबर्ट बेंटली टॉड यांनी १८४९ मध्ये त्याचं वर्णन केलं. हा दुर्मीळ नाही. पण पहिल्यांदाच हात गेला असेल तर "टॉड असेल, येईल परत" म्हणून घरी बसायचं नाही. रक्तातली साखर खूप उतरली तरी झटका आणि कमजोरी दोन्ही होतात. ग्लुकोमीटरला एक मिनिट लागतं. त्यानंतर स्कॅन. भारतात स्कॅनवर गोल कडी दिसली तर पहिला संशय फीतकृमीच्या अळीच्या गाठीचा किंवा टीबीच्या गाठीचा, आणि दोन्हींवर औषध आहे. दुर्मीळ नावं नंतर.

वय १८ महिन्यांच्या आत, एका बाजूचा हात-पाय लुळा, दोन दिवसांनी दुसऱ्या बाजूचा, कधी दोन्ही, आणि पोर झोपलं की सगळं गायब: हा बालपणीचा आलटून-पालटून येणारा अर्धांगवायू. झोपेचा हा धागा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण इतर आजारांत तो असा ठळक दिसत नाही. काही बाळांत एकच डोळा थरथरतो, तो लुळेपणाच्याही आधी दिसू शकतो. अंघोळीचं पाणी, थंडी, दमणूक, खूप आनंद, यांनी लुळेपणाचा हल्ला सुरू होतो. बहुतेकांत एटीपी१ए३ या जनुकात बदल सापडतो. हे २०१२ मध्ये कळलं. फ्लुनारिझिन या औषधाने अनेकांचे हे हल्ले कमी-हलके होतात, बंद होतीलच असं नाही. अशाच दिसणाऱ्या ग्लुट-१ (मेंदूत साखर नेणारं प्रथिन) च्या कमतरतेत पाठीच्या पाण्यातली साखर कमी असते आणि इलाज म्हणजे तूप-तेलाचा कीटोजेनिक आहार. जोंधळ्याची भाकरी आणि कुंदा खाणाऱ्या घरात हा आहार पाळणं सोपं नाही, पण इथे आहार हेच औषध आहे.

कपाळावर किंवा वरच्या पापणीवर जन्मतः गडद लाल डाग असेल आणि पहिल्या वर्षातच उलट्या बाजूच्या हाता-पायाला झटके सुरू झाले, तर स्टर्ज-वेबर या जन्मजात आजाराचा विचार. त्यात डोळ्याचा दाब तपासायला विसरतात. काचबिंदूने नजर जाते.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो. रासमुसेनचा मेंदूदाह. थिओडोर रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये मॉन्ट्रियलला त्याचं वर्णन केलं. बहुधा दहाच्या आतलं, तोवर ठणठणीत असलेलं पोर. आधी झटका, तोही एकाच बाजूचा. मग महिन्यागणिक तोच हात हळूहळू कमजोर होतो. या कमजोरीला टॉडसारखा शेवट नसतो. अंगठा आणि ओठाचा कोपरा सतत टिकटिक उडत राहतात, दिवसचे दिवस, अनेकदा झोपेतही. घरचे म्हणतात "सवय लागलीय". सवय झोपेत उडत नाही. हे झटके गोळ्यांना दाद देत नाहीत. चौथी, पाचवी गोळी वाढली की पोर झोपाळू होतं आणि अंगठा तसाच उडत राहतो. शरीराच्याच संरक्षक पेशी मेंदूच्या एका अर्ध्यावर हल्ला करतात. तो अर्धा हळूहळू आकसतो. म्हणून पहिला एमआरआय जवळजवळ नॉर्मल आला तरी विषय संपत नाही. काही महिन्यांनी दुसरा, शक्यतो त्याच मशिनवर, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायचे. फक्त फिल्म नको, सीडीही मागून घ्या. फिल्मवर बारीक आकसणं दिसत नाही.

घरी करायचं ते एवढं. दर रविवारी पोराला डोळे मिटून दोन्ही हात समोर, तळवे वर करून धरायला सांगा आणि दहा अंक मोजा. कमजोर हात हळूच खाली येतो, तळवा आत वळतो. शाळेच्या शर्टाची पाच बटणं एका हाताने लावायला किती सेकंद, हेही लिहा. तीन महिन्यांचा असा कागद डॉक्टरला दहा प्रश्नांची उत्तरं देतो. झटक्याचा व्हिडिओ घ्या, पण चेहऱ्याचा जवळून नको: पाय-हात-चेहरा एकाच चौकटीत, उजेड लावून, चादर काढून. पहिले वीस सेकंद सगळ्यात मोलाचे. झटका कुठल्या बोटापासून सुरू झाला ते त्यात असतं.

सीमाभागाची एक खास अडचण. कन्नडमध्ये उजवी बाजू म्हणजे बलगडे, डावी एडगडे. आपण म्हणतो "हातात बळ नाही", समोरच्याला ऐकू येतं "बल", म्हणजे उजवी. कागदावर बाजू मराठीत लिहूनच द्या, नाहीतर पोराच्या त्या मनगटाला दोरा बांधून न्या. उगीच वाटतंय? रासमुसेनमध्ये अख्खा विचार बाजूवर चालतो.

झटका पाच मिनिटांवर गेला की मिडाझोलाम या झटका थांबवणाऱ्या औषधाचा नाकातला स्प्रे. साधारण मात्रा दर किलोला ०.२ मिलिग्रॅम, १५ किलोच्या पोराला ३ मिलिग्रॅम. ०.५ मिलिग्रॅमचा फवारा असेल तर सहा, प्रत्येक नाकपुडीत तीन. घोटाळा इथे होतो: दुकानात १.२५ मिलिग्रॅमचा फवाराही मिळतो, त्याचे सहा म्हणजे ७.५ मिलिग्रॅम, अडीचपट, आणि श्वास मंदावतो. म्हणून बाटलीवर डॉक्टरने ठरवलेला फवाऱ्यांचा आकडा पेनाने लिहा. नवी बाटली आधी हवेत दाबून धुकं येऊ द्या. पोर कुशीवर ठेवा. कांदा, चप्पल, पाणी, चमचा काही नको. ताप असलेल्या लहान पोराचा एका बाजूचा झटका तासभर चालू राहिला तर मेंदूला कायमची इजा होऊन पुढे अर्धांगवायू राहू शकतो. स्प्रे उशिरा देण्याची किंमत ही.

ईईजीला (मेंदूतल्या विजेचा आलेख) जाताना डोकं धुऊन, तेलाशिवाय. तेलकट केसांवर इलेक्ट्रोड नीट चिकटत नाही आणि दिवस वाया जातो. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेला जायचं असेल तर गोळ्या वेगळ्या डबीत. रात्रीचं जागरण आणि चुकलेली गोळी, दोन्ही झटक्याला बोलावतात.

रासमुसेनमध्ये स्टेरॉईड, इम्युनोग्लोबुलिन, टॅक्रोलिमस या संरक्षक पेशींना आवरणाऱ्या औषधांनी हाताची घसरण मंदावू शकते, झटके क्वचितच थांबतात. झटके थांबवणारा इलाज एकच: आजारी अर्धा भाग शस्त्रक्रियेने उरलेल्या मेंदूपासून तोडणं. हे हेमिस्फेरोटॉमी. गणित अवघड आहे. तोडल्यावर विरुद्ध बाजूच्या बोटांची बारीक हालचाल जाते, चालणं बहुधा टिकतं. हात अजून बराच चालत असेल तर आईबाप थांबायला बघतात, आणि त्यात चूक काही नाही. पण आजाराने तो हात नाहीतरी जाणार असेल, तर वर्षभर थांबण्याने वाचतं ते बोट, आणि जातं ते बोलणं-शिकणं. डावा अर्धा आजारी असेल तर भाषेचा प्रश्न येतो. वय लहान तितकं उजव्याने भाषा उचलणं सोपं. हा निर्णय एका ओपीडीत होत नाही. बेंगळुरूचं निम्हान्स, त्रिवेंद्रमचं श्रीचित्रा अशा ठिकाणी मिरगीच्या शस्त्रक्रियेची टीम असते. तिथे जाताना सगळ्या सीडी, रविवारचा कागद आणि व्हिडिओ घेऊन जायचे. गोळ्यांपैकी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर पोलजी या जनुकाची तपासणी झाली का विचारा. त्या जनुकदोषात असेच झटके येतात आणि व्हॅल्प्रोएटने यकृत निकामी होऊ शकतं.

शस्त्रक्रियेनंतर दोन्ही डोळ्यांची एकाच बाजूची अर्धी नजर जाते. डावी नजर गेलेल्या पोराला वर्गात डाव्या टोकाला बसवा, म्हणजे फळा त्याच्या उजवीकडे राहील. उजवी गेली असेल तर जास्त काळजी: आपल्या रस्त्यावर गाडी आधी उजवीकडूनच येते. मान पूर्ण वळवून बघायची सवय फिजिओथेरपीच्या पहिल्या महिन्यापासूनच लावायची, आधी अंगणात, मग शांत गल्लीत, आणि मोठ्या रस्त्यावर सगळ्यात शेवटी.